आईने माझ्यावर बसून पाहिलेली शर्यत

मित्रांनो, मी एक जुना कॉस्च्युम आहे. पोहण्याच्या शर्यतीचा. सुटीत डुंबायला जाताना घालतात तसला सैलसर, फुलाफुलांचा नव्हे. माझा रंग काळा, कापड कागदासारखं पातळ, आणि लांबी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. मला हातात घेतलंत तर वाटेल, हा एखाद्या लहानग्या मुलीचा असणार. तसं नाही. चांगल्या उंच्यापुऱ्या मुली मला घालायच्या, आणि घालताना त्यांच्या नाकी नऊ यायचे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या शिवणी सुईदोऱ्याच्या नाहीत, त्या उष्णतेने चिकटवलेल्या आहेत. पाण्याला अडखळायला एक धागासुद्धा नको म्हणून. ज्या बाईने त्या चिकटवल्या, तिने मला शेवटी दोन्ही हातांनी ताणून दिव्यासमोर धरलं आणि शेजारणीला विचारलं, "यात माणूस शिरतं कसं गं?"

"शिरतं म्हणे कसंतरी," शेजारीण म्हणाली. "बाहेर कसं येतं ते विचार."

दोघी हसल्या आणि मी खोक्यात गेलो. जगाचा पहिला आवाज म्हणून मला ते हसणंच आठवतं.

मला विकत घेतलं एका मावशीने. ती दूरच्या शहरात राहायची. तिची थोरली भाची शाळेच्या शर्यतीत पहिली आली, हे ऐकून तिने मला पाठवून दिलं. धाकटी भाची तेव्हा पाण्याला भ्यायची. तलावाच्या पायरीवर बसून पाय तेवढे बुडवायची आणि कुणी जवळ आलं की किंचाळायची. म्हणून तर घरात तिचं नाव टिटवी पडलं होतं. दोन भाच्या, पण पोहणारी एक, तेव्हा कॉस्च्युमही एकच. मावशीचा हिशेब अगदी बरोबर होता. पुढे काय होणार हे तिला बिचारीला कुठून कळणार?

थोरलीला घरात सगळे ताईच म्हणत, आईबाबासुद्धा. बाबा बस चालवायचे, आणि रविवारी लोकांना फिरायला जायचं असतं म्हणून त्यांना रविवारीच जास्त काम असे. आई सोफ्याखुर्च्यांच्या कारखान्यात गाद्यांना खोळी चढवायची. कापड तंग हवं, कुठे सुरकुती दिसता कामा नये, आणि गादी तर खोळीपेक्षा जाड. हे तिचं रोजचं काम. त्यामुळे पहिल्या दिवशी न्हाणीघरातून ताईची हाक आली, "आई, अडकला गं, ना वर जातोय ना खाली येतोय," तेव्हा आईने फक्त बाह्या मागे सारल्या.

"ओढू नकोस," ती म्हणाली. "अभ्रा घालताना आपण उशी ओढतो का? कापड गोळा करायचं आणि थोडं थोडं सोडत जायचं. आणि नखं लावायची नाहीत, बोटांच्या पोटांनी धर."

तिने मला पार खाली उतरवलं. ताईच्या पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, म्हणजे मी सर्रकन घसरावं. मग घोट्यापासून परत सुरुवात झाली. एक पाय, दुसरा पाय, मांड्या, कंबर.

"श्वास सोड."

"सोडला."

"अजून सोड."

"आता आत काही उरलंच नाही, आई!"

दारात बसून टिटवी पोट धरून हसत होती. अखेर माझे पट्टे ताईच्या खांद्यांवर चढले आणि आई घाम पुसत मागे सरली. ताईने आरशात पाहिलं. हसता हसता तिने खांदे आत ओढून घेतले. तिचे खांदे रुंद होते. तयार फ्रॉकच्या बाह्या तिला कधी बसायच्या नाहीत, आणि वर्गातल्या मुली त्यावरून चिडवायच्या. मी तर तिचे खांदे लपवत नव्हतोच, उलट उठून दिसतील असे करत होतो.

म्हणून पहिल्या शर्यतीच्या दिवशी तिने टॉवेल अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतला. उडी मारायच्या ओट्याशी बाकीच्या मुली उभ्या राहिल्या तरी तिचा टॉवेल सुटेना. बघ्यांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. ताईचं काळीज धडधडत होतं, ते माझ्या इतकं जवळ होतं की मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. पोहायला शिकवणाऱ्या मॅडम तिच्यापाशी आल्या. त्या कमी बोलायच्या.

"टॉवेल घेऊन पोहणार आहेस का?" त्यांनी विचारलं.

ताईने नकारार्थी मान हलवली.

"मग दे इकडे. ज्या खांद्यांना हसतायत ना, तेच खांदे आता त्यांच्या समोरून जाणार आहेत. बघू दे त्यांना नीट."

टॉवेल गेला. शिट्टी झाली. आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा पाण्यात गेलो. पाण्यात कोण कुणाला बघतंय? तिथे फक्त ताईचा दंड पुढे जात होता, पाणी माझ्यावरून सरकून मागे पडत होतं, आणि मघाशी धडधडणारं तेच काळीज आता कामाला लागल्यासारखं ठोके देत होतं. ताई बाहेर आली तेव्हा टॉवेल मागायला विसरली. घरी गेल्यावर माझ्या पट्ट्यांचे लाल वळ तिच्या खांद्यांवर उमटलेले होते. आईने ते हलक्या हाताने चोळले आणि ताई मोठ्या ऐटीत टिटवीला ते दाखवत बसली.

ते वळ पाहूनच की काय, टिटवीला पाण्याची गोडी लागली. पायरीवर बसून कंटाळलेल्या त्या मुलीला मॅडमनी एक दिवस बोट धरून आत नेलं. आत गेल्यावर ती किंचाळली नाही. काही वर्षांत ती ताईच्या बरोबरीने पोहू लागली. आता शर्यतीत पोहणाऱ्या दोघी झाल्या आणि कॉस्च्युम मात्र मी एकटाच राहिलो. मावशीकडे दुसरा मागायचा आईला संकोच वाटे, आणि विकत आणावा तर किंमत आईबाबांच्या आवाक्याबाहेरची होती.

मग सुरू झाली आमची अदलाबदल. ताईची शर्यत आधी असली की ती संपल्या संपल्या धावत कपडे बदलायच्या खोलीत यायची. मला तिच्या अंगावरून सोलून काढायचं आणि तसंच ओलंचिंब टिटवीच्या अंगावर चढवायचं. कोरडा असताना मी हट्टी, तर ओला असताना महाहट्टी. आईने घरी घड्याळ लावून दोघींकडून याची तालीम करून घेतली होती. न्हाणीघरातून धपाधप आवाज आणि "श्वास सोड, श्वास सोड" अशी आरोळी ऐकून खालच्या मजल्यावरची शेजारीण एकदा घाबरीघुबरी होऊन वर आली होती.

लोक म्हणायचे, या दोघी बहिणी एकमेकींना पाण्यात पाहतात. पाहायच्याच. रोज पहाटे शेजारच्या लेनमधून, डोळ्यांना चष्मे लावून पाहायच्या. पण काठावर आल्या की एकीच्या केसांतलं पाणी दुसरी पिळायची.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी शेफारलो. पदक कधी ताईच्या गळ्यात पडायचं, कधी टिटवीच्या, पण अंगावर मीच असायचो. मनातल्या मनात मीच मान पुढे करायचो.

आणि मग ती शर्यत आली.

शंभर मीटर फ्रीस्टाइल. पहिल्या दोघींना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या स्पर्धेसाठी संघात घेणार होते. ताईचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या महिन्यात ती एक्स-रे काढण्याचं शिक्षण घ्यायला परगावी जाणार होती, आणि तिथे तलाव नव्हता. टिटवीपुढे अजून वर्षं होती, पण त्या हंगामात ती ताईपेक्षा किंचित वेगवान होती. सकाळी प्राथमिक फेऱ्या झाल्या. ताई पहिल्या फेरीत पोहली, टिटवी शेवटच्या, आणि दोघींच्याही अंगावर मीच होतो. दोघीही अंतिम फेरीत पोहोचल्या.

असं आधी कधी झालं नव्हतं. दोघी एकाच शर्यतीत, एकाच वेळी. मी मात्र एक.

कपडे बदलायच्या खोलीत लाकडी बाकावर मी ओला पडलो होतो. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला टिटवी, मध्ये आई. मॅडम आत डोकावल्या आणि त्यांच्या पद्धतीने सरळ बोलल्या, "टिटवीला घालू दे. पहिली येण्याची आशा तिलाच आहे."

त्या गेल्या. ताईने मला उचलून टिटवीच्या हातात दिलं. "घे. मॅडमचं बरोबर आहे."

"मला नको," टिटवी म्हणाली. "तुझी शेवटची शर्यत आहे. तू घाल." मी परत ताईच्या मांडीवर येऊन पडलो.

"दया करतेस का माझ्यावर?"

"दया कसली? पण मी जिंकले तर तू जन्मभर मनात ठेवशील की हा शर्यतीचा सूट हिच्या अंगावर होता."

"आणि मी घालून हरले तर? मग तू गावभर सांगशील, सूट देऊनही आली नाही म्हणून."

"मी सांगेन? मी?"

"तूच! तुझं नावच टिटवी आहे."

बघता बघता थट्टेचं भांडण झालं, आणि भांडणाचं आणखी काहीतरी. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. टिटवीचा आवाज चढला. इतर मुली आपापल्या पिशव्यांमध्ये डोकं घालून ऐकू येत नसल्याचं सोंग करत होत्या. मी या हातातून त्या हातात जात होतो आणि दोघींपैकी कुणालाच नको होतो. इतक्यात बाहेर अंतिम फेरीची घोषणा झाली.

आई उठली. तिने मला टिटवीच्या हातातून काढून घेतलं, पिळलं, आणि गादीच्या खोळीसारखी चापूनचोपून घडी घातली.

"आता हा कुणालाच नाही," ती म्हणाली. "रोजचे घाला."

"आई, रोजच्याचा रंगसुद्धा उडालाय," टिटवी म्हणाली. "मागून विरलाय तो!"

"मग जोरात पोहा. कुणाला दिसणार नाही."

दोघींना वाद घालायचा होता. पण वेळ नव्हता. सरावाचे विटके कॉस्च्युम दोघींनी झटकन अंगावर चढवले. त्यांना ना पिशवी लागली ना आई. आई मला घेऊन बघ्यांमध्ये गेली, सिमेंटच्या पायरीवर मला ठेवलं आणि चक्क माझ्यावर बसली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत मी अशी अनुभवली. मला काही दिसलं नाही. पाण्याचा एक थेंबही नव्याने अंगावर पडला नाही. शिट्टी झाली तेव्हा आई माझ्यावर दगडासारखी स्थिर होती. लोक ओरडायला लागले. कुणी कुणाचं नाव घेत होतं, कुणी कुणाचं. आईने कुणाचं नाव घ्यावं? ती उठली, परत बसली. तलावाच्या त्या टोकाहून मुली वळल्या असाव्यात, कारण ती पुन्हा उठली, आणि या वेळी बसलीच नाही. मग तिच्या तोंडून एकच शब्द निघाला. मी तिचा इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

"पोरींनो!"

एवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच. मग सगळीकडून कल्लोळ झाला आणि आई हळूच माझ्यावर बसली. 

पहिली आली दुसऱ्या क्लबची एक उंच मुलगी. तिच्या अंगावर माझ्याहून नवा सूट होता. दुसरी आली ताई. टिटवी तिसरी. दोघींमध्ये बोटाच्या पेराइतकं अंतर असेल नसेल.

टिटवी ओल्या अंगाने थेट पायऱ्या चढून आली. आईसमोर उभी राहिली. "मी घातला असता तर?" तिने विचारलं.

आईने खोटं सांगितलं नाही. "तर बहुतेक ताई तिसरी आली असती," ती म्हणाली.

टिटवीने मान फिरवली. त्यानंतर कितीतरी दिवस ती घरात मोजकंच बोलली. टिटवी गप्प म्हणजे घर आजारी असल्यासारखं वाटायचं. मी न्हाणीघरातल्या दोरीवर वाळत होतो. ती तोंड धुवायला यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. ताई एकदा तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "मी नाव मागे घेते. तू जा." त्यावर टिटवी जे उसळून बोलली, ते मी इथे सांगत नाही. पण त्याचा अर्थ असा की भीक नको. ताईचंही चुकलंच.

मोठी स्पर्धा जवळ आली. आईच्या कारखान्यात दवाखान्याच्या खुर्च्यांचं मोठं काम आलं होतं, तिला रजा मिळेना. बाबांची बस होतीच. जेवताना ताई म्हणाली, "मी जाईन एकटी. तिथे कुणी ना कुणी मदत करेल."

 मग टिटवी ताटातून मान वर न करता म्हणाली, "परक्या बाईला कळणारे का, डावा पट्टा आधी घ्यायचा ते? मी येते."

त्या परगावच्या तलावावर कपडे बदलायची खोली केवढी तरी मोठी होती. सगळीकडे मुली, आणि प्रत्येकीभोवती दोघी-तिघी ओढणाऱ्या. ताईभोवती एकटी टिटवी. तिने गुडघे टेकले. ताईच्या पावलावर पिशवी चढवली आणि मला घोट्यापासून वर न्यायला लागली. तिच्या बोटांत राग होता, मला कळत होता. पण तिने एकदाही मला वेडंवाकडं ओढलं नाही. गुडघ्यापाशी आल्यावर तिच्या डोळ्यांतून एक थेंब माझ्यावर पडला. पाणी माझ्यावर ठरत नाही, तोही घरंगळून गेला.

"श्वास सोड," टिटवी म्हणाली.

"टिटू..."

"बोलू नकोस. श्वास सोड."

ताईने श्वास सोडला. डावा पट्टा चढला, मग उजवा. टिटवीने दोन्ही पट्टे सारखे केले, बहिणीच्या रुंद पाठीवर सण्णकन एक चापट मारली आणि म्हणाली, "जा आता. आणि माझ्या वाटचंही पोह."

ताई त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पोहली. तरीही अंतिम फेरीत तिचं नाव आलं नाही. तिथल्या मुली फारच वेगवान होत्या. असंही असतं, मित्रांनो. बाहेर येऊन ती बाकावर बसली, धापा टाकत हसत होती. मग दोघींनी मिळून मला काढलं. ताईने मला साध्या पाण्यातून दोनदा काढलं, पिळलं, आणि स्वतःच्या नव्हे, टिटवीच्या पिशवीत ठेवलं.  परतीच्या बसमध्ये टिटवीची जी टकळी सुरू झाली, ती घर येईपर्यंत थांबली नाही.

पुढची वर्षं मी टिटवीचा होतो. ती खूप शर्यती पोहली, काही जिंकली. ताई सुटीला आली की ओढायला तीच असायची. पुढे माझं कापड पूर्वीसारखं आवळेना, आणि टिटवीने स्वतःच्या कमाईतून नवा सूट घेतला. मला कुणी टाकलं नाही. उलट फार मान मिळाला. आईने मला पातळ कागदात गुंडाळलं, घडी घालून खोक्यात ठेवलं आणि ते खोकं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेलं. "जपून ठेवा," सगळे म्हणाले.

जपून ठेवलेल्याचं काय होतं, ते कुणी बघत नाही. अंधारात, एकाच घडीवर, वर्षामागून वर्षं. पाण्यात असताना मी कधी थकलो नव्हतो. तिथे पडून पडून थकलो. माझ्यातला ताण आपोआप सुटत गेला. बाहेर ताईचं लग्न झालं, मुलं झाली. टिटवी मॅडमच्या जागी तलावावर मुलींना शिकवू लागली. बाबा गेले. मला हे सगळं दाराच्या फटीतून ऐकू येणाऱ्या बोलण्यातून कळायचं.

आईने ते घर सोडून टिटवीकडे राहायला जायचं ठरवलं, तेव्हा कपाट रिकामं करायला दोघी बहिणी आल्या. खोकं उघडलं. ताईने मला वर धरलं. तिच्या केसांत पांढरे धागे दिसत होते.

"येईल का गं मला?" ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" टिटवी म्हणाली, आणि लगेच प्लॅस्टिकची पिशवी शोधायला धावली.

आईची बोटं आता वाकडी झाली होती. ती पलंगावर बसून हुकूम सोडत होती. "गोळा कर आधी. ओढू नकोस. टिटवे, डावीकडून घे!" मी घोटा ओलांडला. गुडघाही ओलांडला. ताईने श्वास सोडला, टिटवीने जोर लावला, आणि मांडीपाशी मी टर्रकन फाटलो.

 दोघी बहिणींनी आईकडे पाहिलं, लहानपणी काहीतरी फुटल्यावर पाहायच्या तसं. आई जवळ आली, चष्मा लावून तिने फाटलेली जागा तपासली.

"शिवण गेली नाही," ती म्हणाली. "कापड गेलंय. घडीवरच विरलंय. मीच घातली होती ती घडी." आणि मग तिचं लक्ष ताईकडे गेलं. एका पायात मी, दुसऱ्या पायात पिशवी, आणि चेहरा अपराधी. आईला हसू फुटलं. मग टिटवीला. मग तिघी जणी जमिनीवर बसून इतक्या हसल्या की ताईला उठता येईना, आणि मला काढायला पुन्हा दोघी लागल्या.

आता मी तलावावर असतो. टिटवीने मला तिथल्या कपडे बदलायच्या खोलीत खुंटीवर टांगलं आहे. पहिल्यांदाच शर्यतीत उतरणाऱ्या मुली शिकतात त्या माझ्यावर. कापड कसं गोळा करायचं, बोटं कुठे धरायची, मैत्रिणीला श्वास कधी सोडायला सांगायचा. नवा महागडा सूट फाटण्याची धास्ती असते, माझी धास्ती कुणाला असणार? मांडीवरच्या भोकातून कुणाचा तरी गुडघा बाहेर येतो आणि खोलीभर खिदळणं होतं. काल एक लाजरी मुलगी आली होती, खांदे आत ओढून चालणारी. तिच्या मैत्रिणीने माझा पट्टा तिच्या खांद्यावर चढवला, आणि ती आरशासमोर जराशी सरळ उभी राहिली. मी बघत होतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्याही घरात असतील. कुणाच्या तरी आवडीच्या, कुणाच्या तरी घामाच्या, वरच्या फळीवर मानाने ठेवलेल्या. त्यांना खाली काढा. कुणाच्या तरी हातात द्या. फाटतील, झिजतील, होऊ द्या. माझंच बघा ना. आज सकाळी तिघींनी ओढलं मला, आणि आत्ता दारात चौथी उभी आहे. ये गं बाई, ये. लाजू नकोस. ओढ.